ढोलीतली चार बोटं

माझ्या सासूनं मला चोट्टी ठरवलं, ते ज्वारी खाली बसली म्हणून. एवढीशी गोष्ट. पण अजून आठवली की माझ्या अंगाची लाही होते, आणि होऊ द्या. मी काही संत नाही.

एकोणीसशे सत्तरीतली सालं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, वाशिम नुसता तालुका. माझं माहेर धनज, कारंज्याकडचं. सासर केनवडच्या अलीकडचं एक खेडं. घरात माणसं तीनच: सासू, नवरा आणि लग्न होऊन आलेली मी. सासरे कधीचेच वारले होते. सासूनं एकटीनं शेत सांभाळलं, पोरगा वाढवला, त्यामुळं घरातली सुईसुद्धा तिच्या मर्जीशिवाय हलत नसे. गाव तिला मानायचं. मीही मानलं असतं, तिनं मानू दिलं असतं तर.

मधल्या खोलीत भिंतीला लागून ढोली होती. बांबूच्या कांबट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी. वर्षाची ज्वारी तिच्यात. वरून भरायची, आणि बुडाशी मूठभर तोंड असायचं, त्यात चिंध्यांचा बोळा. संक्रांतीच्या सुमाराला ज्वारी पायलीनं मोजून ढोलीत ओतायची. एक पायली ओतली की एक चिंचोका गाडग्यात टाकायचा. ढोली भरली की गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधून ते आढ्याला टांगायचं. मग सासू वर चढायची, ज्वारी हातानं सारखी करायची, तिच्यावर राखेनं पंजाचे ठसे उठवायची आणि जिथवर ज्वारी आली तिथं आतल्या भिंतीला गेरूची रेघ ओढायची. झाकण लिंपलं की पेरण्या आटपेपर्यंत ज्वारीला हात लावायचा नाही, उघडायचं ते फक्त किडीसाठी कडूनिंबाचा पाला टाकायला. मधेच मोजलं तर बरकत जाते, अशी तिची समजूत होती. रोजच्या भाकरीची ज्वारी वेगळ्या कोठीत, आणि तिची किल्ली सासूच्या कमरेला.

त्या वर्षी ढोली भरली, माघात माझं लग्न झालं, आणि माझ्या पाठोपाठ घरात चक्की आली. नवऱ्यानं पुढच्या खोलीत डिझेलचं काळं इंजिन बसवलं. तोवर गावाला दळण न्यायला केनवड गाठावं लागायचं. चक्की सुरू झाली त्या दिवशी सासूनं इंजिनाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पोराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्या तोंडावरून तिनं कधी हात फिरवला नाही. नाही तर नाही.

इंजिन सुरू झालं की अख्खं घर थरथरायचं. पायाखालची जमीन गुणगुणायची. मधल्या खोलीतल्या फळीवरचे पितळेचे डबे हळूहळू सरकत कडेला यायचे आणि संध्याकाळी सासू ते एकेक करून मागं ढकलायची. रोज ढकलायची, बरं का. हे डबे चालतात कशानं, असा प्रश्न तिला एकदाही पडला नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पडला नव्हता.

होळी झाल्यावर कडूनिंबाचा नवा पाला टाकायला सासूनं ढोलीचं झाकण काढलं. मी खाली शिडी धरून उभी होते. मग ती खाली उतरली, पदर खोचला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ढोलीतली जवारी कुठी गेली वं?"

"ढोलीतच असंन. जाईन कुठी?"

"रेघेच्या चार बोटं खाली गेली. राखेचे ठसे जसेच्या तसे हायेत, म्हंजे वरून कोनी हात नाई लावला. बुडातून काढली. मले सांग, घरात नवीन कोन आलं?"

"चक्की बी नवीनच आली, आत्याबाई."

"चक्कीले हात हायेत का?"

मी तर रागात जे तोंडाला आलं ते बोलले होते. पण बोलून गेले आणि माझं मलाच थांबल्यासारखं झालं. माझ्या बापाच्या घरी पोतं भरताना दोघं जण ते उचलून जमिनीवर आपटायचे. आपटलं की ज्वारी खाली बसायची, वर जागा व्हायची, मग आणखी भरायचे. हे शेतकऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. सासूही जाणत होती, तिच्या डोळ्यांदेखत सासरीही पोती तशीच भरायचे. पण ढोलीला कोणी आपटत नाही, ढोली जागची हलत नाही, म्हणून कोणाच्या डोक्यात ते येईना.

"आत्याबाई, इंजिनच्या हादऱ्यानं बसली असंन जवारी. पोत्यात बसते तशी."

"म्हंजे माह्या पोराची चक्की चोट्टी, अन् तू सावित्री? वा गं वा!"

त्या दिवसापासून घराचा नरक झाला. सासूनं बाज उचलून ढोलीच्या बुडाशी टाकली आणि तिथंच झोपायला लागली. बुडाच्या बोळ्यावर शेणमातीचा थर दिला आणि त्यावर आपला पंजा उमटवला. ज्वारी जिथवर होती तिथं गेरूची दुसरी रेघ ओढली. मी पाण्याला निघाले की घागरीत डोकावून पाहायची. माझ्या ताटात भाकरी वाढताना म्हणायची, "खाय, खाय, चोरीची नाई हे." उपाशी मात्र मी राहिले नाही. उपाशी राहून तिला आनंद कशाला द्यायचा?

बाहेर तर त्याहून वाईट. अंगणापलीकडं चुलत जाऊ राहायची. तिच्या कानात गेलेली गोष्ट झाकड पडून अंधारायच्या आत गावभर होत असे, तिला दवंडीवाल्याची गरज नव्हती. विहिरीवर चार बायांत तिनं माझा हात धरून बांगड्या फिरवून पाहिल्या.

"काहून वं बाई, नव्या दिसून राह्यल्या. रिसोडच्या बजारातून घेतल्या का? किती पायल्या लागल्या?"

बाया हसल्या. त्या माझ्या लग्नाच्या बांगड्या होत्या, माझ्या मायनं भरलेल्या. मी घागर तिथंच ठेवली आणि तिला म्हटलं, "तुह्या जिभेले हाड नाई, अन् डोक्यात भुसा." भांडण जुंपलं ते कोणी सोडवायला येईना, सगळ्यांना तमाशा हवा होता.

पाडव्याला सासूनं पुन्हा झाकण काढलं. दुसऱ्या रेघेच्या खाली ज्वारी जेमतेम बोटभर गेली होती. त्यानंतर पुन्हा पाहिली तर बोटाचं नखही नाही. सासू उतरली ती जिंकल्यासारखी.

"पाय, म्या बाज टाकली अन् चोरी बंद झाली. चक्की तं रोज चालूच हाय. मंग आता काहून नाई बसत जवारी?"

खरंच, काहून नाही बसत? चक्की तीच, हादरे तेच, गिऱ्हाईक तर वाढलंच होतं. नवऱ्यानंही त्या दिवशी माझ्याकडे चोराकडे पाहावं तशा नजरेनं पाहिलं. सासूनं तिथंच निकाल दिला. पेरण्या आटपल्या की ढोली मोकळी होईल, चिंचोक्यांवर मोजली जाईल. कमी भरली की गाठोडं बांधायचं आणि धनजला निघायचं, ते कायमचं. माझ्या भावाला तसा निरोपही गेला.

धनजला मी चोट्टी म्हणून परत गेले असते तर माझ्या मायचं तोंड गावात काळं झालं असतं, आणि पाठची बहीण लग्नाची होती. तिला कोणी पाहायलाही आलं नसतं. त्यामुळं हे माझ्या एकटीपुरतं नव्हतं.

मी ठरवलं, दाखवूनच द्यायचं. तुपाचा एक रिकामा डबा घेतला. ज्वारी कुठून आणायची? सासू तर दाणा मोजून देत होती. भावानं दिलेलं एक नवं पातळ होतं, ते मी विहिरीपलीकडच्या एका म्हातारीला दिलं आणि तिच्याकडून डबाभराहून थोडी जास्तच ज्वारी घेतली. डबा काठोकाठ भरून इंजिनाच्या ओट्यावर ठेवला. नवऱ्यानं पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. दुपारी इंजिन बंद झालं तेव्हा डब्यात दोन बोटं जागा झाली होती, तीही त्यानं वाकून पाहिली. मी नाचायचीच बाकी राहिले. उरलेली ज्वारी टाकून डबा पुन्हा काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी अर्धं बोट बसली. पुन्हा भरला. मग आणखी थोडी. मला वाटलं, डबा चांगला तयार झाला, आता लोकांना बोलवावं.

तयार झाला! माझ्या अकलेचे दिवे.

सासू आली, चुलत जाऊ आली, दळण घेऊन आलेल्या दोघी-तिघी थांबल्या. मी सगळ्यांदेखत डबा दाखवला, काठाला सपाट. सासू पोत्यावर बैठक मारून तंबाखू मळत म्हणाली, "पायतो ना तुही चक्की जवारी कशी खाते ते." नवऱ्यानं इंजिनाचं हँडल मारलं. दळणामागून दळण झालं. बायांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या. डबा ओट्यावर थरथरत होता, वरचे दाणे जागच्या जागी थुईथुई नाचत होते, आणि ज्वारी काठाला होती तिथंच होती. केसभरही खाली नाही. मी डब्याकडे पाहत होते आणि सगळ्या जणी माझ्याकडे.

"आता?" सासू म्हणाली.

"पयल्या दिवशी दोन बोटं बसली होती," मी नवऱ्याकडे हात करून म्हटलं. "यायले विचारा. यायनं पाह्यलं."

नवऱ्यानं पट्ट्यावरची नजर काढली नाही. "मी चक्की पाहू का डबे पाहत बसू?"

चुलत जाऊ पदरात तोंड घालून हसली. सासू उठली, पिठाचे हात झटकले आणि एवढंच म्हणाली, "चोर तं चोर, वर शिरजोर." त्या दिवशी मला नवऱ्याचा जो राग आला तसा राग मला सासूचाही कधी आला नाही. ती तरी खरंच मला चोर समजत होती. त्याला खरं ठाऊक होतं.

मी डबा घेऊन मागच्या अंगणात गेले आणि संतापानं ज्वारी भळाभळा जुन्या लुगड्यावर ओतून दिली. मग दाणा वाया जाऊ नये म्हणून, दुसरं काही नाही, ती पुन्हा डब्यात भरायला घेतली. डबा भरला आणि लुगड्यावर चांगल्या दोन-तीन ओंजळी उरल्या. तोच डबा, तीच ज्वारी. मावेना.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्वारी जेवढी बसायची तेवढी पहिल्याच दणक्यात बसते. दाणा दाण्याला चिकटून बसला की मग इंजिनाची किती का आदळआपट होईना, तो हलत नाही. हलला तरी इतक्या सावकाश की माणसाच्या डोळ्याला दिसू नये. ढोलीतही तेच झालं होतं. पहिल्या महिन्यात चार बोटं, मग एक, मग नखभर. सासूची बाज आणि ज्वारीचं बसणं यांची गाठ नुसती योगायोगानं पडली होती. आणि मी, शहाणी, मुरलेला डबा घेऊन लोकांसमोर बसले होते. तो ओतून पुन्हा भरला असता तर तासाभरात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

पण आता कोण पाहायला येणार? एकदा तमाशा झाला, दुसऱ्यांदा बायका फक्त हसायला आल्या असत्या. मी नवऱ्याला गाठलं.

"तुमाले ठाऊक होतं ना? मंग बोलले काहून नाई?"

तो इंजिनात तेल घालत होता. "बोलून काय करू? गावात बोंब झाली का चक्की जवारी खाते, तं उद्या एक टोपलं नाई येनार. लोकं तसेच म्हनतात चक्कीवाला पीठ चोरते."

"मंग मी चोट्टी राहू?"

"दोन महिन्यानं ढोली निघतेच ना. निघन खरं काय ते."

दोन महिने! त्याला ते दोन महिने वाटले. त्याच्या ताटात कोणी चोरीची भाकरी वाढत नव्हतं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. सासूशी तर फक्त भांडायलाच तोंड उघडायचे.

पेरण्या आटपल्या. भाऊ धनजहून निघाला, कारंजा आणि वाशिमला एसट्या बदलत चिखलानं भरलेल्या पायांनी दारात आला. त्याला कोणी पाणी विचारलं नाही, मीच तांब्या दिला. माझं गाठोडं सासूनं आधीच बांधून दाराशी ठेवलं होतं. साक्षीला चुलत जाऊ. तिला तर बोलवावंच लागलं नाही.

सासूनं बुडाच्या लिंपणावरचा आपला पंजा पाहिला. तो शाबूत होता. मग तिनंच विळ्यानं लिंपण फोडलं, बोळा ओढला. ज्वारी येईना. इतकी घट्ट बसली होती की तोंड मोकळं होऊनही दाणा बाहेर पडेना. नवऱ्यानं काठी घालून टोकरली तेव्हा धो-धो करून आली. तो पायलीनं मोजायचा, आणि दर पायलीला सासू गाडग्यातून एक चिंचोका काढून बाजूला टाकायची. माझं लक्ष पायलीकडे नव्हतंच, मी सासूच्या हाताकडे पाहत होते. तो हात दर वेळी गाडग्यात थोडा आणखी खोल जात होता. मला ठाऊक होतं ज्वारी पुरी आहे. पण उंदरांनी खाल्ली असेल तर? सोंडकिडे लागले असतील तर? त्या बाईनं उंदराचीही चोरी माझ्याच माथी मारली असती.

तिनं हात घातला आणि रिकामा बाहेर काढला. गाडगं उपडं केलं, झटकलं. काही पडलं नाही. ढोलीच्या बुडाशी अजून ज्वारी होती, सुपात घ्यावी एवढी.

चुलत जावेनं ढोलीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. भावानं माझ्याकडे पाहिलं, त्याचे डोळे भरले होते. मी सासूकडे पाहत राहिले. म्हटलं, आता बोल. एक शब्द बोल.

"मायेरून आनून भरली असंन," सासू म्हणाली.

"कोन्या रस्त्यानं?" मी ओरडलेच. "वर तुमचा लिंपा, खाली तुमची बाज! आभायातून ओतली का?"

ती उठली, झाडू घेतला आणि सांडलेले दाणे गोळा करायला लागली. जसं काही झालंच नाही. भाऊ म्हणाला, "चाल बाई, घेऊ गाठोडं. अशा घरात राहू नको." मीच नाही म्हटलं. चोर ठरले असते तर जावं लागलं असतं. आता काय म्हणून जाऊ? मी गाठोडं सोडलं आणि लुगडी जागच्या जागी ठेवली. प्रेमानं राहिले असं कोणी समजू नये. तिच्या छाताडावर बसायला राहिले.

लोक म्हणतात, दिवस गेले की राग खाली बसतो. बसतो ना. पहिले काही महिने भराभर बसला. नवऱ्याशी बोलायला लागले, बहिणीचं लग्न झालं, मला दिवस राहिले. पण मग तो बसायचा थांबला. सासू मात्र कधी चुकूनही त्या गोष्टीचं नाव काढत नव्हती. मी वाट पाहत होते. चार लोकांत नको, चुलीपाशी, दोघींत, एकदा तरी म्हणावं तिनं.

पुढच्या संक्रांतीला नवी ज्वारी आली. चिंचोके टाकून ढोली भरली. मला पाचवा महिना लागला होता. सासू वर चढली, ज्वारी सारखी केली. मी खालून गेरूची वाटी वर दिली तर तिनं ती घेतली नाही.

"थांब. आत्ताच रेघ नोको," ती म्हणाली. "चार रोज चक्की चालू दे. इंजिनच्या हादऱ्यानं जवारी खाली बसते. बसली का मंग पुन्हा भरू, अन् मंग ओढू रेघ."

चुलत जाऊ दारात उभी होती. सासू वरूनच तिला सांगायला लागली, "तू बी तसंच करत जाय. तुही भिंत बी चक्कीलेच लागून हाय. नाई तं उगीच वाटते का दाना गेला कुठी." चुलत जाऊ म्हणाली, "बरं झालं सांगतलं, काकी. मले नाई सुचलं असतं."

माझ्या हातातली वाटी थरथरली. इंजिन तर बंद होतं.

"मंग मी चोट्टी कशी झाली होती, आत्याबाई?"

सासू शिडीवरून एकेक पायरी खाली उतरली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता, तिला खरंच नवल वाटत होतं.

"आता मा!" ती म्हणाली. "तुले कोन म्हने वं चोट्टी?"